तीन खाचांची मूठ

रिव्हॉल्व्हर हातात घेण्याआधी वेंडेल क्रूस दोन्ही तळवे पँटला पुसायचा आणि मालकाची परवानगी मागायचा. मालक ओळखीचा असला तरी. मालक तो स्वतः असला तरी, असं त्याची बायको लोरीन म्हणायची.

किंमत विचारण्याआधी तो वस्तू टेबलावर परत ठेवायचा. हातात धरून ऐकलेली किंमत कमी वाटते, असा त्याचा सिद्धांत होता. हा सिद्धांत शिकायला आपल्याला बारा रिव्हॉल्व्हर लागली, हेही तोच सांगायचा.

किंमत ऐकली की तो "हं" म्हणायचा. लांब "हं" म्हणजे महाग. आखूड "हं" म्हणजे रास्त. "हं" आलाच नाही, तर स्वस्त. हे एव्हाना साऱ्या जिल्ह्याला कळलं होतं, त्यामुळे त्याला स्वस्त काही मिळायचं बंद झालं होतं.

शर्टाच्या खिशात दातांच्या डॉक्टरकडचा लांब दांड्याचा आरसा असायचा. गोड पाईचा तुकडा तो कडेकडून खायचा, टोक शेवटी. आणि कोणी विकणारा वस्तूची गोष्ट सांगू लागला, तर तो मध्ये तोडायचा नाही. शेवटपर्यंत ऐकायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "छान. आता वस्तू दाखवा."

विलमार्थमध्ये ह्या वाक्याची म्हण झाली होती. रविवारी चर्चमध्ये प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटायचं, "छान. आता वस्तू दाखवा."

एकतीस वर्षं तो गावच्या धान्यकोठारात वजनकाट्यावर होता. ट्रक काट्यावर चढला की तो गव्हाचे चार दाणे दाताखाली धरायचा आणि ओलावा सांगायचा. मग यंत्र लावायचं. यंत्र बहुतेक वेळा त्याच्याशी सहमत व्हायचं. नाही झालं, तर शेतकरी म्हणायचे, यंत्र दुरुस्तीला पाठवा. इतका मान मिळाला की माणसाचं काय होतं, ते त्याला पुढे कळलं. माणूस स्थानिक जाणकार होतो.

त्या वर्षीच्या एप्रिलात त्याला कामाला लावलं ते अर्डिथने. अर्डिथ म्हणजे लोरीनची धाकटी बहीण. लोरीनला जाऊन चार वर्षं झाली होती, तरी अर्डिथ दर गुरुवारी मेहुण्याच्या स्वयंपाकघरात पाई घेऊन यायची आणि तो खात असताना त्याच्या चुका सांगायची. गावचं रेल्वे स्टेशन कधीच बंद पडलं होतं. त्या इमारतीत आता संग्रहालय होतं आणि अर्डिथ त्याच्या समितीची अध्यक्ष होती. संग्रहालयात लोणी घुसळायची अकरा यंत्रं होती. गावातली एखादी आजी गेली की घरचे यंत्र आणून द्यायचे. ती बघायला कोणी येत नव्हतं. प्रत्येकाच्या माळ्यावर बारावं होतंच.

"आता लोक येतील," अर्डिथ म्हणाली. "स्टेशनमास्तरचं रिव्हॉल्व्हर सापडलंय."

"कुठल्या स्टेशनमास्तरचं?"

"आपल्याच. अँब्रोज टुली. एका रात्री तीन दरोडेखोर आले. त्याने तिघांना आडवं केलं आणि मुठीवर तीन खाचा पाडल्या. नेब्रास्का राज्यातला एक माणूस शनिवारी जत्रेच्या मैदानावर विकायला आणतोय. सव्वीसशे डॉलर. आपण दोन वर्षं पाई विकून बरोबर तेवढेच जमवलेत."

वेंडेलच्या घशात चेरीची बी अडकली. पाईत एकही बी नव्हती.

"पाणी पी," अर्डिथ म्हणाली. "तू फक्त ये, बघ आणि किमतीला वाजवी आहे का ते सांग. समितीने ठरावात तुझं नाव घातलंय. वेंडेल म्हणेल तसं."

ती गेल्यावर तो बराच वेळ पाईचं टोक समोर ठेवून बसला.

अँब्रोज टुली नावाचा स्टेशनमास्तर विलमार्थमध्ये कधी झाला नव्हता. तो वेंडेलने १९८४ साली केला होता. सकाळी साधारण साडेदहाला.

तेव्हा वेंडेल त्याच मैदानावरच्या जुन्या बंदुकांच्या विक्रीत टेबल लावायचा. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. एक परका माणूस थांबला, एक छोटं रिव्हॉल्व्हर उचललं आणि विचारलं, ह्या खाचा कसल्या? खरं उत्तर लाजिरवाणं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वेंडेल म्हणाला, "आमचा स्टेशनमास्तर होता, अँब्रोज टुली. एकच डोळा. गाडी वेळेवर आली की मुठीवर एक खाच पाडायचा. बावीस वर्षं नोकरी केली." माणसाने खाचा मोजल्या. तीन. तो इतका हसला की त्याने किमतीत घासाघीस न करता दीडशे डॉलर दिले. वेंडेलही हसला. संध्याकाळी लोरीन मात्र हसली नाही. ते रिव्हॉल्व्हर त्याला स्वतःला आवडायचं, हे तिला माहीत होतं.

वेळेवर आलेल्या गाड्यांचे दरोडेखोर कोणी केले, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण आपण काय केलं, ते ठाऊक होतं. दोन वर्षांनी जिल्ह्याला शंभर वर्षं झाली आणि शताब्दीचं पुस्तक निघालं. त्या पुस्तकाच्या बाईंचा फोन आला, तेव्हा वेंडेल जेवत होता.

"स्टेशनमास्तरचं रिव्हॉल्व्हर तुम्ही विकलंत ना?"

"हो."

"तीन खाचांचं?"

"तीन."

"तिघंही एकाच रात्री?"

वेंडेलच्या तोंडात मक्याचं कणीस होतं. तो म्हणाला, "हं."

तो लांब "हं" होता की आखूड, हे बाईंना फोनवर कळलं नाही. त्यांनी ते छापलं. पान सत्तेचाळीस. खाली बारीक अक्षरात: माहिती, वे. क्रूस, स्थानिक जाणकार. पुस्तक हातात आल्यावर दुसऱ्या दिवशी फोन करून दुरुस्ती सांगायची, असं त्याने ठरवलं. मग त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग लोरीनला वाचून दाखवली. पुस्तक अजून कपाटात होतं आणि त्या पानात खूण होती.

शुक्रवारभर तो स्वतःला समजावत राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे तर सव्वीसशेचीच होती. गावाला एक शूर माणूस मिळेल, संग्रहालयाला गर्दी मिळेल, अर्डिथ दोन आठवडे तरी खूश राहील. नुकसान कोणाचं? पाई खाणाऱ्यांचं. त्यांनी तर पाई खाल्ल्याच होत्या. त्यातल्या बऱ्याच त्यानेच.

शनिवारी सकाळी मैदानावरच्या हॉलमध्ये कॉफीचा आणि बंदुकीच्या तेलाचा वास होता, आणि त्याखाली ऑगस्टमध्ये तिथे बक्षिसाला उभ्या राहणाऱ्या डुकरांचा. टेबलांवर घरच्या चादरी होत्या. लाइल स्टौबरचं टेबल खिडकीजवळ होतं. नेब्रास्कात शाळेची बस चालवून निवृत्त झालेला गोल चेहऱ्याचा माणूस. रिव्हॉल्व्हर त्याने काचेच्या पेटीत, मखमलीवर ठेवलं होतं. मखमल नवी होती. वेंडेलला ओळख पटायला आरसा लागला नाही.

"बघू का?" त्याने तळवे पँटला पुसले.

"बघा ना, सर. त्यासाठीच तर आणलंय."

पाच गोळ्यांचं, खिशात मावणारं. निकेलचा मुलामा कडांना उडालेला, पण अस्सल. चापाभोवतीची कडी निळसर काळी होती. कारखान्यातून ती तशीच निघते. मागाहून कोणी मुलामा चढवला, तर घाईत तीही पांढरी करून टाकतो. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडा नव्हता. सगळ्या भागांवरचा आकडा एकच होता. आपण काय विकून बसलो, हे तीस वर्षांनी पुन्हा हातात धरून बघताना त्याला आधी आनंद झाला आणि मग स्वतःचा राग आला.

मग त्याने मूठ फिरवली. आरसा काढला. पहिली खाच रुंद, बोथट. दुसरीही तशीच. तिसरी जरा अरुंद होती. त्याने आरसा खिशात ठेवला आणि रिव्हॉल्व्हर मखमलीवर.

"किती?"

"सव्वीसशे. आधी सांगितलेलेच."

अर्डिथ कान देऊन उभी होती. वेंडेलने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. लांब नाही, आखूड नाही.

अर्डिथने पर्स उघडली.

"थांब," वेंडेल म्हणाला.

"तू हं म्हणाला नाहीस."

"मला सुचलं नाही."

"म्हणजे स्वस्त आहे. तीस वर्षं बघतेय मी तुला." तिने पाकीट बाहेर काढलं.

"अर्डिथ, पर्स बंद कर. ह्याचे सव्वाचारशे होतात. वरचा एक डॉलरही देऊ नकोस."

लाइल रागावला नाही. तो ओळखीचं हसला. "आलंच शेवटी. सर, मी एकवीस वर्षं टेबल लावतोय. आधी वस्तूला नावं ठेवायची. बाईंना घरी पाठवायचं. मग दुपारी एकटंच परत यायचं आणि पाचशेला मागायचं. वाईट वाटून घेऊ नका, मीही हेच करतो."

"मला नकोय ते."

"हेही मी म्हणतो."

"गोष्ट खोटी आहे."

"छापलेली आहे," लाइल म्हणाला आणि पेटीखालून फाईल काढली. पान सत्तेचाळीस प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं होतं. वेंडेलच्या कपाटातल्यापेक्षा ते चांगल्या स्थितीत होतं.

अर्डिथने चष्मा लावून खालची ओळ वाचली. "माहिती, वे. क्रूस. वेंडेल, हा तर तूच. हे तू मला कधी सांगितलं नाहीस?"

लाइलने टोपी काढली. "तुम्ही क्रूस? वजनकाट्याचे?" त्याने टेबलावरून हात पुढे केला आणि वेंडेलचा हात दोन्ही हातांत धरला. "सर, हे मी तुमच्या नावावर घेतलं. मला गोष्टीबिष्टींचं कळत नाही. मी इकडच्या दोन शेतकऱ्यांना विचारलं, हा क्रूस कसा माणूस? ते म्हणाले, त्याने गहू कोरडा म्हटलं की तो कोरडा."

"किती दिलेत?"

"एकोणीसशे."

"हं," वेंडेल म्हणाला. आयुष्यातला सगळ्यात लांब.

नुकसान कोणाचं, ह्या प्रश्नाचं उत्तर टेबलापलीकडे टोपी हातात घेऊन उभं होतं. शुक्रवारी त्याने हा माणूस हिशेबात धरला नव्हता.

"मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "ऐंशीच्या दशकात. इथंच, त्या दाराजवळ. टुली नावाचं कोणी नव्हतं."

लाइलचं हसू कमी झालं, पण गेलं नाही. "म्हणजे तेव्हा खोटं बोललात आणि आता खरं बोलताय."

"हो."

"की उलट? मला कसं कळणार?"

एकतीस वर्षं लोकांनी वेंडेलवर विश्वास ठेवला, तेव्हा त्याला पुरावा लागला नाही. आज पहिल्यांदा पुरावा हवा होता, आणि उलट बाजूचा पुरावा म्हणून तो स्वतःच छापलेला होता.

"खाचा अक्रोड फोडताना पडल्या," तो म्हणाला. "काळे अक्रोड. लोरीनला केक करायचा होता. हातोडी ट्रकमध्ये राहिली होती आणि बाहेर बर्फ होतं."

"काळा अक्रोड फोडायला आम्ही त्यावरून गाडी घालतो," लाइल म्हणाला. "तो रिव्हॉल्व्हरने कोण फोडेल?"

"तुमच्यासमोर उभा आहे. गोळ्या काढून घेतल्या होत्या. तेवढी अक्कल होती."

"साक्षीदार?"

"बायको होती. गेली."

अर्डिथने पर्स छातीशी धरली होती. "वेंडेल," ती हळू आवाजात म्हणाली, "हे तुला स्वतःला हवंय. लोरीन सांगायची मला, हे विकल्यावर तू आठवडाभर नीट जेवला नव्हतास. हवं असेल तर तसं सांग ना. हे असलं काय बोलतोस."

आपलेच दात, आपलेच ओठ. वेंडेलने छताकडे बघितलं.

"टुली हे पेंडीच्या दुकानाचं नाव," तो म्हणाला. "आमच्या स्वयंपाकघरात त्यांचं कॅलेंडर असायचं."

"तशी कॅलेंडरं सगळ्यांकडे होती."

"आणि अँब्रोज?"

"अँब्रोज काय?"

"अर्डिथ, तुला अँब्रोज आठवतोय."

अर्डिथच्या कपाळावर एक आठी आली, जुनी, ठेवणीतली.

"बोका," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या लिंबाच्या पाईवर बसलेला."

"तोच."

"ईस्टरला. पाहुणे आलेले असताना." तिने पान पुन्हा उचललं आणि नाकाजवळ धरून वाचलं. "'डाव्या डोळ्याने अधू असूनही त्याचा नेम अचूक होता.' वेंडेल, अँब्रोजचा कुठला डोळा गेला होता?"

"डावा."

अर्डिथने पान खाली ठेवलं. लाइलची शीतपेटी टेबलाशेजारी होती, तिच्यावर ती बसली. शेजारच्या टेबलावरचा माणूस सँडविच खायचा थांबला होता.

"दोन वर्षं," ती म्हणाली, "दोन वर्षं मी त्या बोक्यासाठी पाई भाजल्या."

लाइलने आता टोपी घातली. त्याला जे कळायचं ते कळलं होतं. त्याने फाईल मिटली आणि पेटीखाली न ठेवता नुसतीच हातात धरली.

"मेहुण्या, तुला इथं कशाला आणलं होतं?" अर्डिथने विचारलं.

"किमतीला वाजवी आहे का, ते सांगायला."

"मग सांग."

"वस्तू सव्वाचारशेची आहे," वेंडेल म्हणाला. "वरचं सगळं माझ्या तोंडाचं."

मग त्याने चेकबुक काढलं. त्याच्या ट्रकचा गिअरबॉक्स गेला होता आणि नव्यासाठी बँकेत दोन हजार ठेवले होते. त्याने एकोणीसशेचा चेक लिहिला आणि लाइलपुढे ठेवला.

"तुम्हीच म्हणालात सव्वाचारशे," लाइल म्हणाला.

"आणि तुम्ही म्हणालात की मी दुपारी परत येऊन ते मागेन. मी दुपारपर्यंत थांबलो नाही, एवढंच."

"सर, मी हे असं घेऊ शकत नाही."

"गोष्टीचे पैसे देऊ नका, असं मी आयुष्यभर लोकांना सांगितलं. गोष्ट आपलीच असली तर काय करायचं, ते कोणी विचारलं नव्हतं. घ्या."

लाइलने चेक घेतला. फाईल मात्र त्याने स्वतःकडेच ठेवली. ती घरी बायकोला दाखवायची होती, म्हणाला. हे घेऊ नका, असं तिने घेतानाच सांगितलं होतं.

दारातून बाहेर पडताना वेंडेलने रिव्हॉल्व्हरची पेटी अर्डिथच्या हातात दिली. "संग्रहालयाला. फुकट."

"फुकट घेते," अर्डिथ म्हणाली. "पण काचेत वस्तूशेजारी कार्ड लागतं. ते तू लिहायचंस. चार ओळी. खऱ्या."

त्या उन्हाळ्यात त्याचा ट्रक मागे जात नव्हता. तो फक्त उतारावर किंवा पुढे मोकळी जागा असेल तिथेच गाडी लावायचा. दुकानासमोर जागा नसली, तर तीन चौक चालत यायचा आणि कोणी विचारलं की म्हणायचा, "स्टेशनमास्तरला भेटून आलो."

कार्ड मात्र होईना. पहिल्या मसुद्यात दुसऱ्या ओळीपर्यंत बर्फ गुडघ्याएवढं झालं होतं. दुसऱ्यात बोक्याला मत होतं. अर्डिथ गुरुवारी यायची, वाचायची आणि पेन्सिलीने खोडायची. "मी तुला कार्ड दिलंय, वही नाही," ती म्हणायची. जुलैत त्याने सगळी विशेषणं काढली. ऑगस्टमध्ये बोका काढला. बोका काढताना त्याला फार जड गेलं.

सप्टेंबरात खरी अडचण आली. केकच्या दिवशी त्याने दोनच अक्रोड फोडले होते. दुसऱ्यानंतर लोरीनने त्याच्या हातातून रिव्हॉल्व्हर काढून घेतलं, बूट चढवले आणि स्वतः बर्फातून जाऊन हातोडी आणली. हे त्याला आता स्वच्छ आठवत होतं. दोन अक्रोड, दोन खाचा. तिसरी अरुंद होती. ती त्याने मैदानावरच बघितली होती आणि आरसा खिशात ठेवला होता.

त्याने रिव्हॉल्व्हर घेतलं होतं एका शेतावरच्या लिलावात, खिळ्यांच्या डब्यासकट. डबा कोणाचा, ते कोणाला सांगता आलं नव्हतं. तिसरी खाच तेव्हा होती का? त्याने बघितलं नव्हतं. गव्हाचा प्रत्येक ट्रक चारदा बघणाऱ्या माणसाने मूठ बघितली नव्हती. ऑक्टोबरात अर्डिथ आली, तेव्हा स्वयंपाकघरभर टरफलं होती आणि वेंडेल खुर्चीच्या मोडक्या पायाने काळे अक्रोड फोडून खाचा आरशात बघत होता. एकही अरुंद पडत नव्हती.

"'तीन' लिही आणि मोकळा हो," ती म्हणाली. "एका खाचेने कोणाचं काय बिघडतंय?"

"मागच्या वेळी मी असंच म्हणालो होतो," वेंडेल म्हणाला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला, झोपेत. ट्रक घरासमोरच्या उतारावर तोंड खाली करून उभा होता. कार्ड स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं, त्याच्यावर आरसा आडवा ठेवलेला. अर्डिथने ते दुरुस्त केलं नाही, पुरंही केलं नाही. आता ते अकरा यंत्रांच्या पुढच्या काचेत आहे:

"हे रिव्हॉल्व्हर कोणत्याही स्टेशनमास्तरचं नाही. तसं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. मुठीवरच्या पहिल्या दोन खाचा अक्रोड फोडताना माझ्या हातून पडल्या. तिसरी खाच"